चूक झाली, हे सांगायचं कुणाला?

गेल्या महिन्यात एका जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते. विषय सायबर सुरक्षा. समोर बसणार होती सरकारी कार्यालयांत संगणकाचं काम बघणारी माणसं, म्हणजे प्रोग्रॅमर, नेटवर्क बघणारे, सर्व्हर सांभाळणारे वगैरे. गावाचं आणि खात्याचं नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

नातेवाईक मंडळींनो, विषय वाचून लगेच पान बंद करू नका. शेवटी तुमच्यासाठीही काहीतरी आहे. (आणि मधलं सगळं सोडून थेट शेवट वाचू नका. आत्या, हे तुला आहे!)

तर प्रशिक्षण. ज्यांनी सरकारी कार्यक्रम पाहिलेत त्यांना वेगळं वर्णन नकोच. सभागृहाबाहेर मोठा फ्लेक्स, आत दीपप्रज्वलन, प्रत्येक पाहुण्याला एक गुलाबाचं फूल. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी "सायबर सुरक्षा ही काळाची गरज आहे" असं तीनदा सांगितलं आणि दुसरी मीटिंग होती म्हणून ते निघून गेले. प्रोजेक्टरला जोडायची केबल सापडेपर्यंत अर्धा तास गेला. हजेरीपटावर बत्तीस सह्या होत्या. त्यातल्या निम्म्या जणांना "कुणीतरी जायलाच हवं" म्हणून पाठवलेलं, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

माझ्याकडे साठ स्लाइड होत्या. पाचव्या स्लाइडवर तुटलेल्या साखळीचं चित्र आणि खाली ओळ: माणूस हीच सुरक्षेच्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळेच वापरतात. मीही गेली कित्येक वर्षं वापरत आले. त्या स्लाइडवर लोक हसतात, शेजारच्याकडे बोट दाखवतात, वातावरण जरा सैल होतं. म्हणून ती टिकून होती.

पहिल्या दिवशी दुपारच्या चहाला एक मुलगा बाजूला आला. असेल अठ्ठावीस-तिशीचा. हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बशीत सामोसा, तो तसाच.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"ती कच्ची कडी म्हणालात ना... ती मीच आहे."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. तो कायम नोकरीत नाही. एका एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. करार दर वेळी पुढे सरकतो, पण दर वेळी जीव टांगणीला लागतो. त्याच्या कार्यालयाचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीने बनवलंय तिच्या इंजिनिअरला घरूनच काम करता यावं म्हणून याने सर्व्हरवर बाहेरून आत यायची वाट उघडून दिली होती. दोन दिवसांचं काम होतं. नंतर बंद करायची राहून गेली. महिनाभराने एका गुरुवारी संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की सर्व्हरवर एक अनोळखी खातं आहे, ते रात्री-बेरात्री वापरलं जातंय, आणि अँटिव्हायरस कुणीतरी बंद करून ठेवलाय.

त्याला काय झालंय ते लगेच कळलं. त्याने ते खातं उडवलं, उघडी वाट बंद केली, पासवर्ड बदलला आणि घरी गेला. कुणालाही काही बोलला नाही. करार पुढच्याच महिन्यात संपत होता.

सोमवारी सकाळी एकही फाईल उघडेना. खंडणीची चिठ्ठी सगळ्यात आधी दिसली ती खिडकीवर बसणाऱ्या एका ऑपरेटर बाईंच्या स्क्रीनवर. चौकशी झाली. अहवालात आलं की सदर कर्मचाऱ्याने अनोळखी ईमेल उघडल्यामुळे हा प्रकार घडला असावा. त्या बाईही करारावरच होत्या. त्यांचा करार पुढे वाढवला नाही. याचा वाढला.

"त्यांची मुलगी दहावीला होती मॅडम त्या वर्षी," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "तुम्ही लोक ट्रेनिंगमध्ये चूक करू नका हे सांगता. चूक झाली तर कुणाला सांगायचं, हे कधी कुणी सांगितलं नाही."

माझ्याकडे साठ स्लाइड होत्या. त्याच्या प्रश्नाचं उत्तर असलेली एकही नव्हती.

मी काय बोलले सांगू? अगदी पुस्तकी उत्तर दिलं. म्हटलं, नियमाप्रमाणे सहा तासांत कळवायचं असतं. तो हसला. रागावून नाही, जसं आपण लहान मुलाच्या बोलण्यावर हसतो तसं.

(हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितेय. त्याला ओळखता येईल असे तपशील बदललेत.)

असो. आता माझं मत सांगते.

नियम खरंच आहे, आणि चांगला आहे. देशातल्या सायबर घटनांकडे लक्ष ठेवायला २००४ पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था काम करते. २८ एप्रिल २०२२ ला त्यांनी निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आली किंवा कुणी लक्षात आणून दिली, की सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायचं. संगणकांच्या नोंदी, ज्यांना आम्ही लॉग म्हणतो, त्या १८० दिवस जपून ठेवायच्या. सरकारी कार्यालयांनाही हे लागू आहे.

पण "लक्षात आली" म्हणजे कुणाच्या लक्षात आली? साहेबांच्या लक्षात कधीच येत नाही. येतं ते सर्व्हरच्या खोलीत बसणाऱ्या कंत्राटी पोराच्या नाहीतर खिडकीवरच्या बाईंच्या. तिथून ते वरिष्ठांकडे, वरिष्ठांकडून टिपणी लिहून वर, मग विभागाच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांकडे, मग दिल्लीला. यातल्या प्रत्येक टेबलावर एकच विचार असतो, हे माझ्या अंगावर तर येणार नाही ना? सहा तास तर पहिल्याच टेबलावर संपतात. आणि माझ्या त्या मुलाच्या बाबतीत तर फाईल पहिल्या टेबलावर पोचलीच नाही. गुरुवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, एवढा वेळ हातात होता. त्यात बरंच काही वाचवता आलं असतं.

प्रशिक्षण होत नाही असं मुळीच नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सायबर सुरक्षित भारत नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात खासगी कंपन्यांनाही बरोबर घेऊन सरकारी खात्यांतले मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी आणि आयटीचे लोक यांना तयार करायचं असं ठरलं. त्याच्याही आधी, २००५ पासून, माहिती सुरक्षेच्या शिक्षणाचा एक वेगळा प्रकल्प चालू आहे. आता मिशन कर्मयोगीखाली ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. म्हणजे हेतू आहे, पैसा आहे, माणसंही आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं प्रशिक्षण एकाच गृहीतावर उभं आहे: माणसाला माहिती नसते म्हणून तो चुकतो, माहिती दिली की तो चुकणार नाही. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. माझा अनुभव असा की, हुशारातला हुशार माणूस सुद्धा दमलेला असताना, घाईत असताना, साहेब डोक्यावर उभे असताना चुकतो. चुकणारच. त्या मुलाला बाहेरून वाट उघडी ठेवू नये हे माहीत नव्हतं का? उत्तम माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की आता हे कबूल केलं तर माझं काय होईल. खरं म्हणजे तेही माहीत होतं. म्हणून तर तो गप्प बसला.

दुसरं असं, की "कच्ची कडी" हे वाक्य बऱ्याचदा खरंही नसतं. मोठ्या घटना आठवून बघा.

मे २०१७ चं वॉनाक्राय. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांच्या सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज होता. आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक बंद पडले. ते पसरायला कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करायची गरजच नव्हती. एका संगणकातून दुसऱ्यात ते आपोआप जात होतं. ज्या भोकातून जात होतं ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. जवळजवळ दोन आठवडे देशातल्या सगळ्यात नामांकित रुग्णालयाचं काम कागद-पेनवर चाललं. ओपीडीचे केसपेपर हाताने, तपासण्यांचे रिपोर्ट हाताने. पुढे सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हरवर परिणाम झाला, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली, आणि याला कारण होतं नेटवर्कची नीट विभागणी नसणं. म्हणजे कसं, वाड्यातल्या एका खोलीत चोर शिरला तर मधली दारं बंद असतील तर तो त्या खोलीतच राहतो. इथे मधल्या दारांची व्यवस्थाच धड नव्हती. हा दोष कुण्या ऑपरेटर बाईंचा असतो का? नेटवर्क ज्यांनी आखलं, ज्यांनी मंजूर केलं, ज्यांनी वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं त्या सगळ्यांचा असतो. पण चौकशी अहवालात एखाद्या माणसाचं नाव लिहिणं सोपं जातं.

आणि लपवायची सवय काही खालच्या माणसांनाच असते असं नाही. २०१९ मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राच्या संगणकात मालवेअर सापडल्याची बातमी फुटली. २९ ऑक्टोबरला केंद्राकडून पत्रक आलं की असा सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी ते केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केलं की मालवेअर सापडल्याची गोष्ट खरी आहे, अणुभट्टीशी संबंध नसलेल्या प्रशासकीय नेटवर्कमधल्या एका संगणकात ते होतं, आणि सर्ट-इनने त्यांना ते ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. म्हणजे आतल्या आत काम व्यवस्थित झालं होतं! सांगायला हरकत काहीच नव्हती. तरी पहिला शब्द "नाही" हाच निघाला. मोठमोठ्या संस्थांची जीभ जर अशी वळत असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावरच्या पोराकडून आपण कसल्या शौर्याची अपेक्षा करतोय?

नियम कसे लपवायला शिकवतात याचं एक छोटं उदाहरण देते. जून २०२२ मध्ये एनआयसीने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुतेक सूचना शहाण्या आहेत. सरकारी कागद खासगी क्लाउडवर ठेवू नका, दूरून संगणक चालवायची परवानगी नसलेली सॉफ्टवेअर वापरू नका, वगैरे. पण त्यात हेही आहे की पासवर्ड किमान ४५ दिवसांनी एकदा बदला. आता अमेरिकेतल्या ज्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेने वारंवार पासवर्ड बदलायचा सल्ला जगभर पसरवला, त्याच संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. ती जुनी मार्गदर्शिका लिहिणाऱ्या गृहस्थांनी तर त्या वर्षी वर्तमानपत्राला आपल्याला पश्चात्ताप होतो असंही सांगितलं. कारण माणसं काय करतात? पासवर्डच्या शेवटी एकाचं दोन करतात, दोनाचं तीन करतात, आणि चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतात. माझ्या वर्गात मी विचारलं, कीबोर्डखाली चिठ्ठी कुणाच्या आहे? एकही हात वर नाही. सगळे खाली बघत होते. :)

जो नियम पाळता येत नाही तो माणसं चोरून मोडतात. आणि एकदा छोटी गोष्ट चोरायची सवय लागली की मोठीही चोरली जाते.

मग करायचं काय? याचं उत्तर मला आमच्या क्षेत्रात नाही, विमानांच्या गोष्टीत सापडलं.

१ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं एक विमान उतरताना डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९२ जण गेले. उतरण्याच्या सूचनेतल्या एका संदिग्धतेमुळे वैमानिक लवकर खाली आले होते. नंतर कळलं की सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच जागी, त्याच गोंधळातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलंही होतं, आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. पण ती गोष्ट बाकीच्यांपर्यंत पोचली नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये तिथे एक योजना सुरू झाली. वैमानिकाने, नियंत्रकाने आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात स्वतःहून लिहून पाठवायचा. पाठवायचा तो नासाकडे. परवाना काढून घेऊ शकणाऱ्या खात्याकडे नाही. नासा त्यातलं नाव-गाव काढून टाकते आणि शिकण्यासारखं असेल ते सगळ्यांना कळवते. आणि महत्त्वाचं म्हणजे चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यातून गुन्हा किंवा अपघात घडला नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर साधारणपणे त्याबद्दल दंड होत नाही. ही योजना आजही चालू आहे. १९७६ हेच एनआयसीच्या स्थापनेचं वर्ष आहे, हा निव्वळ योगायोग. पण मला तो जरा टोचला.

आपल्या सरकारी आयटीला हेच हवंय असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक लेखी आदेश काढा, खाली साहेबांच्या सहीचा, की हातून नकळत झालेली चूक जो अमुक तासांच्या आत स्वतःहून सांगेल त्याला त्या चुकीबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, आणि करारावरचा असेल तर तेवढ्यासाठी करार थांबवला जाणार नाही. मग प्रशिक्षण घ्या. आदेशाशिवाय घेतलेलं प्रशिक्षण म्हणजे पोहायला शिकवायचं आणि तलावात पाणीच नाही.

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे. "मग शिस्त काय राहिली? जो तो चुका करेल आणि सॉरी म्हणेल." नाही हो. मुद्दाम केलेल्या गोष्टीला माफी नाही. आणि लपवण्याला तर आजच्यापेक्षा जास्त शिक्षा असू दे. आज काय होतं? सांगितलं तर नक्की शिक्षा, लपवलं तर कदाचित वाचाल. हा हिशेब उलटा करायचा आहे, एवढंच. दुसरा आक्षेप, "बदल्या होतात, शिकवलेला माणूस सहा महिन्यांत दुसऱ्या टेबलावर जातो." खरं आहे. म्हणून तर साठ स्लाइड पाठ करून घेण्यापेक्षा, कुणाला फोन करायचा ते भिंतीवर लावणं जास्त टिकाऊ.

आणि प्रशिक्षणात काय असावं? माझ्या मते चार गोष्टी.

एक. जे खरं काम करतात ते वर्गात हवेत. करारावरची माणसं आणि बाहेरच्या कंपनीचे प्रोग्रॅमर यांची नावं यादीत बहुधा नसतातच, कारण यादी मंजूर पदांवरून निघते. माझ्या वर्गात तो मुलगा आला कारण त्याचे साहेब आजारी पडले होते.

दोन. प्रोग्रॅमरला प्रोग्रॅमरचं शिकवा. "अनोळखी ईमेल उघडू नका" हे त्याला शिकवून काय उपयोग? त्याला त्याच्याच सॉफ्टवेअरसमोर बसवा. पत्त्याच्या ओळीत अर्ज क्रमांक दिसतोय, त्यातला शेवटचा आकडा एकाने वाढवला तर दुसऱ्या कुणाचा अर्ज, आधार क्रमांक, जातीचा दाखला उघडतो का? ही चूक इतकी साधी आणि इतकी सर्रास आहे की वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या यादीत हाच प्रकार, म्हणजे परवानगी न तपासणं, पहिल्या क्रमांकावर आला. सरकारी वेबसाइट चालू करण्याआधी बाहेरच्या तपासनीसांकडून ऑडिट करून घ्यावं लागतं हे ठीक आहे. पण ऑडिट होतं एकदा, आणि सॉफ्टवेअर बदलतं दर आठवड्याला.

तीन. सराव. भाषण नको. एखाद्या मंगळवारी न सांगता एक सर्व्हर गेला असं समजा आणि बॅकअपवरून उभा करून दाखवा. बॅकअप घेतला जातो हे सगळे सांगतात. तो परत लावून पाहिलाय असं सांगणारे माझ्या वर्गात दोन निघाले. शंका आली तर त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढायची, पण घाईघाईने काही पुसायचं नाही, फॉरमॅट मारायचं नाही, कारण पुसलं की चोराच्या पावलांचे ठसेही जातात. त्या मुलाने अनोळखी खातं उडवलं तेव्हा नेमकं हेच झालं. आणि हो, एक सराव शनिवारीही करा. राज्य सरकारला फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, चोरांना नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. ती बँक काही सरकारी नव्हे, पण वार बघा: शनिवारी एटीएममधून आणि सोमवारी परदेशी खात्यात.

चार. "माझ्याकडून चूक झाली" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव. हसू नका. मी खरंच करून घेतला.

कसा, ते सांगते. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे, नाहीतर हा सगळा लेख म्हणजे दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका सरकारी कामावर प्रोग्रॅमर होते. एका रात्री घाईत डेटाबेसची एक प्रत अशा फोल्डरमध्ये ठेवली की नेमका पत्ता माहीत असणाऱ्या कुणालाही ती उतरवून घेता आली असती. हजारो लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा. तीन आठवड्यांनी माझ्याच लक्षात आलं. मी ती फाईल पुसली. मग नोंदी बघायला हव्या होत्या, कुणी उतरवली का ते. मी बघितल्या नाहीत. बघितलं आणि सापडलं असतं तर सांगावं लागलं असतं, म्हणून. त्या वर्षी मला बढती मिळाली. आजही मला माहीत नाही की ती फाईल कुणी नेली होती का. मी कायम नोकरीत होते, चांगल्या कंपनीत, घरी दुसरा पगार होता, तरी माझी हिंमत झाली नाही. त्या मुलाकडे तर यातलं काहीच नव्हतं. आणि मी त्याला कच्च्या कडीचं चित्र दाखवत होते.

त्या रात्री लॉजवर पाचवी स्लाइड काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाला आधी ही माझी गोष्ट सांगितली. सभागृहात एकदम शांतता. मग प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. म्हटलं, नाव घालू नका, आत्ता या क्षणी तुमच्या सर्व्हरवर गडबड दिसली तर कुणाला फोन कराल ते लिहा. नंबरासकट. बत्तीस कागदांपैकी एकोणीस कागदांवर नुसतं "साहेब" लिहिलेलं होतं. सर्ट-इनचा नंबर एकाही कागदावर नव्हता. (तो १८००-११-४९४९ आहे.) मग मागच्या बाजूला लिहायला सांगितलं, आजवर न सांगितलेली एक चूक. तेवीस कागद भरले. मी ते नावं न घेता वाचून दाखवले आणि आम्ही दुपारपर्यंत फक्त त्यांवर बोललो. एवढं शिकणं माझ्या साठ स्लाइडमधून कधी झालं नव्हतं. मग ते कागद तिथेच फाडून टाकले.

साहेब समारोपाला आले तेव्हा त्यांच्यासमोर आदेशाचा विषय काढला. "बघू, कल्पना चांगली आहे, वर विचारावं लागेल," म्हणाले. प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला. बघू.

निघताना त्या मुलाला म्हटलं, त्या बाईंना निदान तुम्ही तरी खरं सांगा. पुढचं पुढे. परवा त्याचा फोन आला होता. दोनदा त्यांच्या घरापर्यंत जाऊन परत आला म्हणे. मी काही बोलले नाही. मला तरी कुठे अधिकार आहे?

आता नातेवाईक मंडळी. आपल्याच घरातल्या एका ज्येष्ठांना गेल्या वर्षी केवायसीच्या नावाखाली फोन आला आणि खात्यातले पैसे गेले. नाव घेत नाही, बऱ्याच जणांना माहीत आहे. पैसे गेले मंगळवारी. आम्हाला कळलं शनिवारी. चार दिवस ते जेवत नव्हते, आम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. १९३० या नंबरवर तासाभरात फोन केला असता तर पुढच्या खात्यातच पैसे अडवता येण्याची शक्यता होती. चार दिवसांनी काय अडवणार? मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. तू काय म्हणशील, असं वाटलं."

म्हणजे मी घरातही तीच पाचवी स्लाइड दाखवत होते. दर गणपतीत, दर लग्नात, ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, असं काय करता, एवढं कसं कळत नाही. चुकलात तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही, हे मात्र एकदाही म्हटलं नव्हतं.

आता म्हणते. रात्री दोन वाजता केलात तरी चालेल. आधी १९३०, मग मी. रागावणार नाही.

आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या सरकारी कामासाठी कोड लिहिता हे मला माहीत आहे. तुमच्याकडे चूक झाली तर सांगायचं कुणाला, हे ठरलेलं आहे का? आणि ठरलेलं असेल, तर त्या माणसाला सांगायची भीती वाटत नाही ना?